वाचकांचे प्रश्न: प्रेम, घर आणि सोळावं वर्ष

बडोद्याहून आलेल्या पत्रांत या वेळी कादंबऱ्यांचीच चौकशी जास्त आहे, आणि तीही नव्या. प्रेमकथा, कुटुंबकथा आणि किशोरांसाठीच्या कादंबऱ्या झपाटून वाचणाऱ्यांची ही पत्रं आहेत. उत्तरं शक्य तितकी हाताशी ठेवता येतील अशी दिली आहेत.

मी महिन्याला सहा-सात प्रेमकादंबऱ्या वाचते, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. घरात याला 'टाइमपास' म्हणतात. त्याचं मला काही वाटत नाही, पण हल्ली चौथं-पाचवं पुस्तक आधीच्यासारखंच वाटायला लागतं. चांगली निवडायची कशी? – एक वाचक, मांजलपूर

आधी एक गैरसमज दूर करू. 'शेवट माहीत असतो, मग वाचायचं काय' असं म्हणणाऱ्यांनी कीर्तन आठवावं. आख्यान सगळ्यांना पाठ असतं, तरी लोक उत्तररंगाला पुढे सरकून बसतात, कारण बुवा ते कसं उभं करतात यात सारी गंमत असते. प्रेमकादंबरीचा वाचकाशी करारच तसा आहे. गोष्टीच्या मध्यभागी दोघांचं प्रेम आणि शेवट मनाला समाधान देणारा. हा करार पाळणं हा दोष नाही. लेखक तिथपर्यंत कुठल्या वाटेने नेतो ते बघायचं.

३२० पानांची कादंबरी धरा. पहिल्या ३० पानांत दोघं समोरासमोर यायला हवीत. साधारण ८०व्या पानाच्या आसपास त्यांना एकत्र राहणं भाग पडेल असं कारण लागतं: एकच ऑफिस, एकच वाडा, कुणाचं तरी आजारपण. मध्यावर, म्हणजे १६०च्या जवळ, नातं अशा टप्प्यावर येतं की मागे फिरता येत नाही. मग २४०च्या सुमारास ताटातूट. कादंबरी बहुतेक वेळा फसते ती इथेच. ताटातूट झाली की स्वतःला एक प्रश्न विचारा: एका फोनने हे मिटलं असतं का? 'हो' आलं तर लेखकाने पानं भरण्यासाठी गैरसमज आणून ठेवला आहे. चांगल्या पुस्तकात ही फूट त्या माणसांच्या स्वभावातून येते आणि तिची चाहूल पहिल्या पन्नास पानांतच लागलेली असते. तिला कुणावर विसंबायचं नसतं, त्याला नकार ऐकवत नाही, अशी काहीतरी गाठ असते. ती गाठ सुटल्याशिवाय दोघं एकत्र आली तर शेवटच्या प्रकरणातलं लग्न पोकळ वाटतं.

दुकानात किंवा ग्रंथालयात उभ्या उभ्या करता येईल अशी चाचणी: पहिलं पान वाचा, मग थेट शंभराव्या पानाजवळचा एखादा संवाद काढा. 'ती म्हणाली', 'तो म्हणाला' यांवर बोट ठेवा. कोण बोलतंय ते बोलण्यावरून कळलं तर पुस्तक घरी न्या. आजकाल बऱ्याच प्रेमकादंबऱ्या एक प्रकरण तिचं, एक त्याचं अशा चालतात आणि वर नाव छापलेलं असतं. ते नाव झाकून एक परिच्छेद वाचा. ओळखता आलं नाही तर दोन निवेदक असण्याचा काही उपयोग नाही. हे जमलेलं बघायचं असेल तर सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) घ्या. एकाच माणसावर प्रेम करणारे भाऊ आणि बहीण, आधी भावाचं कथन, मग बहिणीचं, आणि दोघांच्या वाक्यांची ठेवणसुद्धा वेगळी. तिथे गोड शेवटाचा करार मात्र नाही, हे धरून वाचा.

तुमच्या कंटाळ्याचं कारण बहुधा वेगळं आहे. ऑनलाइन दुकानं तुम्ही शेवटी घेतलं त्याच्याचसारखं पुढचं सुचवतात, म्हणून 'आधी भांडण मग प्रेम' अशी चार पुस्तकं ओळीने येतात. वहीत प्रत्येक पुस्तकापुढे साचा एका शब्दात लिहा: भांडण, खोटं लग्न, जुनं प्रेम परत, मैत्रीतून प्रेम. एकच साचा ओळीने दोनदा आला की तिसरं पुस्तक दुसऱ्या साच्याचं घ्या. त्याच ओळीत ताटातुटीच्या पानाचा आकडा आणि कारण टिपलंत तर वर्षाअखेर ही वही तुमची स्वतःची शिफारस-यादी होईल. महिन्याला सात पुस्तकं जास्त नाहीत, खुशाल वाचा.

माझी तेरा वर्षांची मुलगी इंग्रजी प्रेमकथा आणते. मुखपृष्ठावर कार्टूनसारखी चित्रं असतात, पण मैत्रीण म्हणाली की आत मोठ्यांचा मजकूर असतो. ओळखायचं कसं? – आई, कारेलीबाग

तुमच्या मैत्रिणीचं बरोबर आहे. इंग्रजीतल्या प्रौढांच्या प्रेमकथांनाही गेल्या काही वर्षांत सपाट रंगांची, चित्रकथेसारखी मुखपृष्ठं देतात. मुखपृष्ठावरून वय ठरवता येत नाही, म्हणून तीन जागा बघा. मागच्या पानावर बारकोडजवळ, विशेषतः अमेरिकी आवृत्त्यांत, पुस्तकाचा वर्ग छापलेला असतो. 'यंग अ‍ॅडल्ट' असेल तर ते साधारण १२ ते १८ वयासाठी आहे. नुसतं 'फिक्शन, रोमान्स' असेल तर प्रौढांसाठी. मग नायिकेचं वय बघा. किशोर कादंबरीत ती १४ ते १८ची असते, शाळा-ज्युनिअर कॉलेजात. नोकरी, भाड्याचं घर, पूर्वीचं मोडलेलं लग्न असं पहिल्याच प्रकरणात आलं तर पुस्तक तिच्यासाठी नाही. 'न्यू अ‍ॅडल्ट' नावाचा प्रकार १८ ते २५चा आहे आणि नावामुळे गोंधळ होतो. त्यात शरीरसंबंधांची वर्णनं बरीच उघड असू शकतात. शेवटी, प्रकरण सुरू होण्याआधी लेखकाची टीप आहे का ते बघा. हिंसा, आत्महत्या, छळ असे विषय असले तर नव्या पुस्तकांत बऱ्याचदा तिथे सांगितलेलं असतं.

पुस्तक हातातून काढून घेऊ नका. तेच पुस्तक मग फोनवर वाचलं जातं आणि तुम्हाला विचारायचं बंद होतं. 'नको वाटलं ते पान उलटून पुढे जायचं, पुस्तक अर्धवट सोडलं तरी चालतं' एवढं तिला सांगा.

मराठीत बालसाहित्य आणि प्रौढ कादंबरी यांच्या मधलं कपाट अजून विरळच आहे, याचं वाईट वाटतं. किशोरांविषयीची कादंबरी आणि किशोरांसाठीची कादंबरी यांतही फरक आहे. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'मधला (२००४) मुकुंद नववीत आहे, काळ आणीबाणीचा आहे, पण पुस्तक मोठ्यांना समोर ठेवून लिहिलेलं आहे. चौदा-पंधराव्या वर्षी, शक्यतो घरातल्या कुणीतरी आधी वाचून, द्यायला ते उत्तम. शोध सुरू करायला साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्काराची (२०१० पासून) आणि पस्तिशीपर्यंतच्या लेखकांना मिळणाऱ्या युवा पुरस्काराची (२०११ पासून) मराठी यादी चांगली. युवा पुरस्काराची पुस्तकं मुलांसाठीच असतात असं नाही, तेव्हा ती आधी तुम्ही वाचा.

नातू चौदाचा, गुजराती माध्यमात. घरी मराठी अस्खलित बोलतो, वाचताना मात्र अडखळतो आणि पुस्तक मिटतो. – आजोबा, दांडिया बाजार

त्याला भाषा येते, अडतं ते फक्त लिपीत. देवनागरी तो हिंदीतून शिकला, आणि हिंदीच्या सवयी इथे आड येतात. 'चहा' आणि 'चव' यांतला च, 'जीव' आणि 'जवळ' यांतला ज वेगळा उच्चारायचा असतो, हे लिहिण्यात दिसत नाही. हिंदी वळणाने वाचलं की ओळखीचा शब्दच त्याला परका वाटतो. दुसरी अडचण ऱ्यची: 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन वेगळे शब्द. ळ गुजरातीत आहे, नपुंसकलिंगही आहे, तेव्हा ती काळजी नाही. एखाद-दुसऱ्या शब्दाचं लिंग मात्र दोन भाषांत वेगळं निघतं, तिथे टोकू नका.

रोज दहा मिनिटं, एक पान तुम्ही मोठ्याने, पुढचं त्याने. तो अडला की शब्द लगेच सांगून टाका. अक्षर जुळवायला लावलंत की गोष्ट तुटते. पुस्तक असं निवडा की प्रकरणं सहा-आठ पानांची असतील, संवाद भरपूर असतील आणि बोली फार दाट नसेल. अहिराणी किंवा मालवणीतले संवाद तिसऱ्या-चौथ्या पुस्तकाला ठेवा. साधारण तीन आठवड्यांनी पाळी बदलून दोन पानं त्याची, एक तुमचं. प्रकरणाच्या ऐन रंगात थांबा आणि पुस्तक त्याच्या टेबलावर सोडून या.

चार पिढ्यांच्या कादंबऱ्या मला फार आवडतात, पण शंभराव्या पानापर्यंत कोण कुणाचं ते विसरतो. – रावपुरा

ए-फोर कागद मधोमध दुमडा आणि तीच खूण म्हणून पुस्तकात ठेवा. थोरली पिढी वर. सुनेच्या नावाखाली तिचं माहेरचं नाव आणि तिला कोण काय हाक मारतं ते सगळं लिहा, कारण आपल्याकडे एकच बाई 'यमू', 'वहिनी' आणि 'माई' अशी तीन जणी होऊन येते. गोंधळ बहुतेक इथेच होतो. पुस्तकाच्या सुरुवातीला वंशवृक्ष छापला असेल तर तो पाठ करू नका. कुणाचं लग्न कुणाशी होणार हे तिथेच फुटतं.

समासात सालं टिपा. 'पानशेत फुटलं तेव्हा धाकटा पाळण्यात होता' असं वाक्य आलं की, पानशेत धरण १९६१ मध्ये फुटलं म्हणून, त्याचा जन्म १९६०-६१चा. म्हणजे आणीबाणीत तो चौदा-पंधरा वर्षांचा. पुढे तोच १९७५ मध्ये कॉलेजचा पुढारी म्हणून तुरुंगात गेला, तर एक तर तुमचा कागद चुकला आहे किंवा लेखक. लेखक चुकलेलाही सापडतो, आणि तेव्हा पत्र जरूर लिहावं.

इंग्रजी कुटुंबकथेत आणखी एक पेच पडतो. नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी या सगळ्यांना तिथे 'सिस्टर-इन-लॉ' हा एकच शब्द. पहिल्यांदा आला की नातं ताडून कागदावर मराठीत लिहून ठेवा. भांडणाचा सगळा अर्थ बदलतो. गुजराती अनुवाद वाचत असाल तर उलट फायदा होतो. आपण मोघम 'जाऊ' म्हणतो तिथे गुजराती जेठाणी आणि देराणी वेगळ्या सांगते, म्हणजे घरात हुकूम कुणाचा चालतो ते एका शब्दात कळतं.

मागवलेल्या कादंबरीत पान १७६ नंतर एकदम १९३ आलं. – वाडी

मधली सोळा पानं, म्हणजे एक फर्मा, बांधणीत राहून गेला. आपल्याकडची पुस्तकं सहसा सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात, म्हणून गळती किंवा दुबार पानं सोळाच्या पटीत येतात. मुखपृष्ठ, आवृत्तीचा तपशील असलेलं पान आणि उडी जिथे आहे ती दोन पानं समोरासमोर, असे तीन फोटो बिलासह विक्रेत्याला पाठवा. हा निर्मितीदोष आहे, प्रत बदलून मागा. पुस्तक आलं की त्याच दिवशी सगळे पानांक भरभर चाळून बघावेत. मराठी आवृत्त्या लहान असतात, सहा महिन्यांनी बदलून द्यायला प्रत उरेलच असं नाही. फुटपाथवर निम्म्या किमतीत मिळणाऱ्या इंग्रजी प्रेमकथांत हा दोष दिसला, कागद पातळ आणि अक्षर पुसट असेल, तर ती बहुधा चोरून छापलेली प्रत आहे. तिची दाद कुठेच लागत नाही आणि लेखकालाही काही मिळत नाही.

आम्ही दहा मैत्रिणी भिशी चालवतो. त्यातच पुस्तकं आणता येतील का? – प्रतापनगर

येतील, आणि बडोद्यात तर यायलाच हवीत. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे बोलावलं आणि संस्थानात फिरती ग्रंथालयं सुरू झाली. पुस्तकं लाकडी पेट्यांतून गावोगाव जात. तुमच्या भिशीत पेटीऐवजी पिशवी लागेल.

सुरुवात पैशाने करू नका. पहिल्या दिवशी प्रत्येकीने घरातली एक कादंबरी आणायची: दहा जणी, दहा पुस्तकं. दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या क्रमाने पुस्तक पुढच्या मैत्रिणीकडे द्यायचं. पाच महिन्यांत दहाही पुस्तकं दहाही जणींच्या हातून जातात. या काळात महिन्याला प्रत्येकी ७५ रुपये काढा. ७५० रुपयांत साडेतीनशेच्या आसपासच्या दोन नव्या कादंबऱ्या येतात, पाच महिन्यांत दहा, आणि पुढची फेरी सगळी नव्या पुस्तकांची. ज्या मैत्रिणीचा नंबर लागेल तिने त्या महिन्याची दोन पुस्तकं निवडायची, इतरांनी नाक मुरडायचं नाही. फेरी संपली की ती दोन पुस्तकं तिचीच.

पंधरा दिवसांत वाचून होईल का, ही शंका येईलच. पानावर साधारण अडीचशे शब्द आणि मिनिटाला दीडशे शब्दांचा निवांत वेग धरला तर अर्ध्या तासात अठरा पानं होतात. २७० पानांची कादंबरी बरोबर पंधरा दिवसांत संपते. त्याहून जाड पुस्तक फेरीत नको, तिथेच साखळी अडते. वाचून झालं नसलं तरी ठरल्या दिवशी पुस्तक पुढे गेलंच पाहिजे. उरलेलं फेरी संपल्यावर वाचावं. मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक कागद चिकटवा. प्रत्येकीने आवडलेल्या पानाचा आकडा आणि एक ओळ लिहायची, शेवट न फोडता. दहाव्या मैत्रिणीला पुस्तकाबरोबर नऊ जणींची टिपणंही मिळतील, आणि गप्पा त्याच कागदावरून सुरू करता येतील.