धोंड्याचे अनारसे काहून हसले?

प्रश्न : काकू, नमस्कार. आम्ही नागभीड तालुक्यातले. फेब्रुवारीत मुलीचं लग्न केलं, आता धोंड्यात जावई पहिल्यांदाच वाणाला येणार. 33 अनारसे घरचेच द्यायचे म्हणून मागच्या आठवड्यात एक किलोचे करून पाहिले. तांदूळ घरचा, एचएमटी. तीन दिवस भिजवला, मोबाईलवर पाहिलं तसा चार तास पंख्याखाली वाळवला, मिक्सरवर काढला, पाऊण किलो गूळ घातला. पीठ कोरडं वाटलं म्हणून थोडं दूध शिंपडलं. तुपात सोडला की एकेक अनारसा हसला, म्हणजे सुटून चुरा झाला. अर्धा किलो तूप वाया गेलं. सासूबाई म्हणतात तांदूळ खराब, शेजारची म्हणते गूळ जास्त झाला. खरं काय?

उत्तर : बाई, तांदळाला बोल लावू नका. एचएमटी तर तुमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या वावरात निवडून काढलेला वाण. मनगटावरच्या घड्याळाचं नाव त्याला मिळालं आणि तो कुठल्या कुठं पोचला. फक्त यंदाचा नवा घेऊ नका, नवा चिकट होतो. कोठीत वर्ष काढलेला घ्या. शेजारणीचंही चुकलं, किलोला पाऊण किलो गूळ हेच माप आमच्याकडंही चालतं.

चुकलं ते त्या चार तासांत. ज्यानं ते सांगितलं त्याच्या गावी पाऊस पडत असेल. यंदाचा, 2026 चा, अधिक महिना ज्येष्ठाचा, 17 मे ते 15 जून, आणि तुमच्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं तेव्हा पारा 45 च्या आसपास असतो. त्या हवेत चार तासांत तांदूळ नुसता वाळत नाही, खडखडीत होतो. मग मिक्सरमधून निघतं ते पीठ नसतं, बारीक रवा असतो. खरं तर गुळाला विरघळायला तांदळातलीच ओल लागते. ती नसली की गूळ वेगळा, रवा वेगळा. तुम्हाला कोरडं वाटलं, दूध घातलं. त्यानं गुळाचा पाक झाला, रवा तसाच राहिला. गरम तुपात पाक पळाला आणि मागे राहिलेले कण सुटे झाले. हसला तो असा.

मी हे शिकले ती हसं करून घेऊनच. 2007 सालीही अधिक ज्येष्ठच आला होता. माझ्या मोठ्या लेकीचा पहिला धोंडा. मी शहाणी, तांदूळ दुपारी माडीवर पसरले आणि खाली येऊन लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसले. तासाभरानं गेले तर दाणे उन्हाळी वाळवणासारखे वाजत होते. तरी रेटून केले. 33 पैकी अकरा उभे राहिले. सासूबाई अनारसे तळताना कोणाला बोलूसुद्धा देत नसत, "तुम्ही हसाल तं तोही हसन," म्हणायच्या. त्या दिवशी झाऱ्यानं कढईतला चुरा गोळा करता करता त्याच इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला.

तेव्हापासून मी घड्याळ पाहत नाही, मूठ पाहते. तांदूळ उपसून टोपल्यात पूर्ण निथळू द्यायचे, मग खोलीत सुती कपड्यावर पसरायचे. पंखा नको. कूलरपुढं तर मुळीच नको. त्या ओल्या वाऱ्यात वरचे दाणे दमट राहतात, कडेचे सुकतात. दर दहा मिनिटांनी मूठभर घेऊन दाबा. तळहाताला दोन-चार दाणे चिकटले, पण हात ओला झाला नाही, की लगेच उचला. दाणा दाताखाली कट्ट वाजला तर समजा उशीर झाला. त्यावर पाण्याचा हबका मारून झाकून ठेवा, तासाभरानं पुन्हा मूठ बघा. मेमध्ये माझ्याकडं हे काम अर्ध्या-पाऊण तासात उरकतं. श्रावणातल्या धोंड्यात, 2023 ला, याच कामाला अख्खी दुपार लागली होती.

चक्कीवाला ओले तांदूळ घेणार नाही, त्यामुळं मिक्सरच. थोडे थोडे फिरवा, मैद्याच्या चाळणीनं चाळा. चाळलेलं पीठ मुठीत दाबलं की गोळा व्हायला हवा. त्यातलं वाटीभर बिनगुळाचं बाजूला काढून ठेवा, पुढं कामी येतं. उरलेल्यात किसलेला गूळ आणि दोन चमचे तूप घालून मळा, दाबून गोळे करा, डब्यात भरा. गूळ कोरडा, टणक घ्या. चिखलासारखा पाघळलेला या दिवसांत दगा देतो. हिवाळ्यात पीठ पाच-सहा दिवस मुरवतात. आता तिसऱ्या दिवशी उघडून पाहा, गोळा मऊ झालेला दिसेल.

भिजवण्याचंही तेच. पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. तांदळाचा गंज, म्हणजे पातेलं, माठाशेजारी ओल्या पोत्यावर ठेवा. थोडा आंबूस वास यायलाच हवा, त्या आंबण्यातूनच जाळी येते. पण बुळबुळीत झाले, नाकाला झोंबले तर गुरांनाही घालू नका, फेका. मी उन्हाळ्यात दोन दिवस आणि तिसऱ्याची सकाळ, एवढंच ठेवते.

तळताना लहान कढई, मंद आच, एका वेळी एकच. खसखशीवर थापा, खसखस वर ठेवून सोडा, उलटवू नका. झाऱ्यानं वरून तूप उडवत राहा. पहिला अनारसा परीक्षेचा. पसरला तर राखलेल्या पिठातलं चमचा-दोन चमचे मळून घाला. कडक झाला, जाळी नाही आली, तर पिकल्या केळ्याचा बोटभर तुकडा कुस्करून मळा. दूध नको, तुमचा हात सैल आहे. झालेले चाळणीत तिरपे उभे करा, तूप निथळतं. ते गाळून फोडणीला वापरा, म्हणजे अर्ध्या किलोचं दुःख होणार नाही.

प्रश्न : ऐन वेळी 33 भरलेच नाहीत तर वाण अपुरं राहतं का? (दर्यापूर तालुका)

उत्तर : नाही. पुराणात अपूपांचं, म्हणजे अनारशासारख्या गोड पदार्थांचं, दान सांगितलंय, जाळीचा पदार्थ हा त्यातला मुद्दा. कमी पडले तेवढे बत्तासे ठेवून 33 पूर्ण करतात, आमच्या गावात निम्म्या घरी तेच होतं. त्या 2007 साली आमच्या ताटातही अकरा अनारसे आणि बावीस बत्तासेच होते. वर तुपाचा दिवा लावला, जावयाला काही कळलं नाही, लेकीला कळलं.

प्रश्न : जावयाला शुगर आहे. गुळाचे केले तर चालतील? (वरोरा तालुका)

उत्तर : गूळ असो की साखर, शुगरवाल्याला दोन्ही सारखेच. 33 चं ताट हातात द्या, नैवेद्य दाखवा, त्याला खायला अर्धा द्या. बाकीचे व्याह्यांकडं डब्यात घालून पाठवा. डबा मात्र अनारसे पूर्ण गार झाल्यावरच लावा.