कॅम्प म्हणजे छावणी, शिबिर की गट? सगळे एकच का?

तुमचा प्रश्न असा: बेळगावात लष्करी भागाला कॅम्प म्हणतात, डोळे तपासायचा कॅम्प असतो, एनएसएसचा कॅम्प असतो आणि निवडणूक आली की ‘तो अमक्याच्या कॅम्पातला’ असंही ऐकू येतं. हे शब्द वेगवेगळे की एकच?

एकच. आणि मुळात त्याचा तंबूशी काही संबंध नव्हता. लॅटिनमध्ये ‘काम्पुस’ म्हणजे मोकळं, सपाट मैदान. प्राचीन रोममध्ये जुन्या तटाबाहेर ‘काम्पुस मार्तिउस’ नावाचं मैदान होतं, मार्स या युद्धदेवतेचं. तिथं सैनिकांची कवायत चाले आणि मतदानालाही लोक तिथंच जमत. छावणी आणि निवडणूक, दोन्हींची सोय एकाच जागी!

पुढं जर्मन टोळ्यांनी हा शब्द उचलला तो लढाईच्या अर्थानं. आजच्या जर्मनमधला ‘काम्फ’, म्हणजे संघर्ष, तो हाच. जुन्या इंग्रजीतही ‘कॅम्प’ म्हणजे लढाई होती, पण तो शब्द मागं पडला. छावणीचा अर्थ असलेला कॅम्प इटालियन, फ्रेंच असा फिरून सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. मैदानात उतरून लढणारा तो चॅम्पियन. कॉलेजच्या आवारासाठी ‘कॅम्पस’ हा शब्द अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये 1774 साली वापरलेला सापडतो.

‘कॅम्पेन’चं मूळ आपल्याकडं चटकन कळतं. युरोपातली सैन्यं हिवाळाभर मुक्काम ठोकून बसायची आणि हवा उघडली की मोकळ्या मुलखात उतरायची. त्या मोकळ्या मुलखाला फ्रेंचमध्ये ‘कांपान्य’ म्हणत, त्यावरून मोहिमेलाच ते नाव पडलं. मराठी फौजा पावसाळाभर घरी थांबून दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायच्या, तसंच हे. फक्त त्यांना थंडी आडवी यायची, आपल्याला पाऊस. प्रचाराचं कॅम्पेन नंतरचं. शॅम्पेन ज्या प्रांताची, त्याचं नावही याच घरातलं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. हा शब्द मराठीत इंग्रजी शाळांच्या कितीतरी आधी येऊन बसलाय: कंपू! पोर्तुगीजमध्ये मैदानाला किंवा छावणीला ‘काम्पो’ म्हणतात, आणि कोशकार आपला कंपू बहुधा तिथूनच आणतात. महादजी शिंद्यांसाठी दि बॉयन या सरदारानं युरोपीय पद्धतीनं कवायत शिकवून ज्या पलटणी उभ्या केल्या, त्यांना कंपू म्हणत. ग्वाल्हेरात आजही कंपू नावाचा भाग आहे. पलटणी गेल्या, शब्द राहिला, आणि आता ‘साहेबांचा कंपू’ म्हटलं की कोण कुणाच्या मागं हिंडतंय ते कळतं. इंग्रजीतही कॅम्पला गटाचा अर्थ आलाच. तेव्हा निवडणुकीच्या बातमीत ‘कॅम्प’ लिहिणाऱ्यांनी हाताशी असलेला कंपू वापरायला काय हरकत आहे, मला कळत नाही.

आपल्या क्यांपाबद्दल थोडं. 1818 मध्ये इंग्रजांनी बेळगावचा किल्ला घेतला आणि मग इथं लष्करी ठाणं वसवलं. आज तिथं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. तात्पुरत्या मुक्कामाचा शब्द, पण बंगले, चर्च, बाजार सगळं कायमचं. शब्दाच्या खऱ्या अर्थानं कॅम्प पडला तो 1924 च्या डिसेंबरात टिळकवाडीत, काँग्रेसच्या अधिवेशनाला. गांधीजी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन. त्यासाठी तात्पुरती वसाहत उभारली, तिला विजयनगर नाव दिलं आणि पाण्यासाठी विहीर खोदली. तंबू निघाले, काँग्रेस विहीर अजून आहे.

भडक, नाटकी ढंगालाही इंग्रजीत ‘कॅम्प’ म्हणतात. तो अर्थ कुठून आला यावर कोशकारांचं एकमत नाही, म्हणून तो इथं जोडत नाही. ‘कॅम्फर’ही या कुळातला नव्हे. तो आपलाच कापूर, संस्कृत ‘कर्पूर’शी नातं असलेला, अरबी ‘काफूर’ होऊन युरोपात गेलेला.