कोल्हापुरात राहून व्हायोलिनवादनात, तेही पाश्चात्त्य चेंबर म्युझिकमध्ये (मोजक्या वादकांनी मिळून वाजवायच्या संगीतात), करिअर होईल का?

तुमची मुलगी १४ वर्षांची आहे, हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकते आणि आता तिला क्वार्टेटमध्ये वाजवायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मी कोल्हापुरातच दोन्ही पद्धतींचं व्हायोलिन शिकवतो. माझं मत असं : होईल, पण नुसता एकटीने रियाज करून नाही. तिला बरोबर वाजवणारे तिघं शोधून द्या.

क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरांचं), एक चेलो (त्याहून मोठं, बसून वाजवायचं). समोर कंडक्टर नसतो. सुरुवात कुठल्या क्षणी करायची हे पहिल्या व्हायोलिनवाल्याच्या श्वासावरून आणि गज उचलण्यावरून ओळखायचं. संगीतकार हायडनच्या क्वार्टेटमध्ये दुसरं व्हायोलिन कधी कधी ओळीच्या ओळी एकच स्वर अर्ध्या-अर्ध्या मात्रेने (एट्थ नोट्समध्ये) वाजवत असतं. त्याचा जोर जरा वाढला की वरची धून झाकली जाते, कमी पडला की सगळं पोकळ वाटतं. हे एकटीने खोलीत बसून कसं शिकणार?

तिची बैठक बदलेल, व्हायोलिन पावलावरून हनुवटीखाली येईल, तारा षड्ज-पंचमाऐवजी जी-डी-ए-ई लागतील, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचावं लागेल. मेहनत आहे, पण या वयात जमतं. आधीचं शिक्षण वाया गेलं असं मात्र अजिबात मानू नका. मिरजेचा चांगला तंबोरा लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. क्वार्टेटमध्ये मेजर कॉर्ड (सा-ग-प एकत्र) धरून ठेवताना मधला स्वर तोच हवा असतो, पियानोच्या पट्टीपेक्षा किंचित उतरलेला. कीबोर्डवर कान तयार झालेल्यांना तो समजावताना दमछाक होते. कोल्हापूरच्या देवल क्लब या संगीतसंस्थेत मैफली ऐकत वाढलेल्या मुलीच्या बोटाला तो लवकर सापडतो.

व्हायोलिनवादक मेहली मेहतांचं उदाहरण तिला जरूर सांगा. कंडक्टर झुबिन मेहतांचे वडील एवढीच त्यांची ओळख उरावी याचं मला वाईट वाटतं. त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, मुंबईत स्वतःचं क्वार्टेटही काढलं. नाव झालेलं असताना १९४५ मध्ये न्यूयॉर्कला इव्हान गालामियन यांच्याकडे पुन्हा शिकायला गेले. नंतर मँचेस्टरच्या हाले ऑर्केस्ट्रात वाजवलं आणि पन्नाशीला फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये दुसऱ्या व्हायोलिनच्या खुर्चीवर बसले. चेंबर म्युझिकमध्ये ती खुर्ची कमी मानाची नसते.

पैशांचं सरळ सांगतो. फक्त क्वार्टेटवर घर चालेल असं धरून चालू नका. शिकवण्या, रेकॉर्डिंग, ऑर्केस्ट्रा असं मिळून भागवावं लागतं. मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, तिथवर पोचायचं तर वाचन पक्कं हवं. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षांनी त्याला शिस्त लागते. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे आणि आपल्याला गोवा मुंबईपेक्षा जवळ. सुट्टीत तिथे जाऊन चौकशी करा, बरोबर वाजवणारे तिथेच भेटायची शक्यता जास्त.

आणि व्हायोला शिकवा. व्हायोलिनवाले भरपूर असतात, व्हायोलावाल्याची सगळेच वाट बघत असतात. लगेच नवं वाद्य घ्यायची गरज नाही. व्हायोलिनच्या मापाच्या व्हायोला-तारा मिळतात, त्या एखाद्या जुन्या व्हायोलिनला लावून सुरुवात करता येते. आवाज थोडा दबका येईल, पण आल्टो क्लेफ (व्हायोलाचं नोटेशन ज्या खुणेने लिहितात ती) मात्र पहिल्या दिवसापासून वाचायला लावा.