आजोबा पायवाट का सोडत नसत?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. आमचं गाव खेड तालुक्यात. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत गेले होते, १९४६ साली परत आले. लढाईचं विचारलं की "थंडी लय व्हती" एवढंच म्हणायचे. रानात कधी पायवाट सोडून चालले नाहीत. गवताला, काजूला पाठवलं तरी वाटेच्या कडेचं तेवढं घेऊन यायचे. लोक आळशी म्हणायचे. मृगाचा पहिला गडगडाट झाला की माजघरात भिंतीला पाठ लावून बसायचे. घरच्यांनी बाधा समजून गाऱ्हाणं घातलं, राखणीला कोंबडा दिला. आजीनं मात्र त्यांना कधी काही विचारलेलं मला आठवत नाही. आजोबांना काय झालं होतं?
– एक वाचक, खेड

उत्तर : पायवाटेचं आधी सांगते, कारण तुमच्या आजोबांना कुणी आळशी म्हटलं हे वाचून मला फार वाईट वाटलं.

इटलीत जर्मन फौज दक्षिणेकडून उत्तरेकडे मागे सरकत गेली आणि सरकताना जमिनीत सुरुंग पेरत गेली. रस्त्याच्या कडेला, ओढ्याच्या उतारावर, द्राक्षांच्या मळ्यात, सोडून गेलेल्या घरांच्या दारात. त्यातला एक प्रकार लाकडी खोक्यातला होता. धातू शोधणाऱ्या यंत्राला तो सापडत नसे. दुसरा, पाय पडला की कमरेएवढा वर उडून फुटायचा आणि शेजारी चालणाऱ्यांनाही लोळवायचा. सुरुंग काढणारे सॅपर जीव मुठीत धरून एक चिंचोळी वाट मोकळी करत आणि तिच्या कडेनं पांढरी फीत लावत. फितीच्या आत चालायचं. तहान लागो, गोळीबार होवो, मित्र फितीपलीकडे पडून हाका मारो, पाय बाहेर टाकायचा नाही.

मी डॉक्टर नाही, जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. तेव्हा अमुकच कारण होतं असं छातीठोकपणे सांगणार नाही. पण विशीतल्या पोरानं महिनोन्महिने हा धडा गिरवला असेल, तर खेडच्या रानातल्या गवतात तो पाय कसा टाकेल? शहाणपण त्याच्या पायांत मुरलं होतं. त्याच शहाणपणानं तो जिवंत घरी आला आणि तुम्ही त्याचे नातू झालात.

थंडीचंही त्यांनी खरंच सांगितलं. नोव्हेंबर १९४३ मध्ये सांग्रो नदीवर आठवी हिंदी डिव्हिजन होती. पावसानं नदीला पूर आलेला, दोन्ही काठांवर गुडघाभर चिखल. पुढचा हिवाळा अपेनाइन्सच्या डोंगरांत, बर्फात गेला. गाड्या चढत नसत तिथे खेचरांवरून दारूगोळा आणि भाकरीचं पीठ वर जायचं. इटलीत सुमारे ५० हजार भारतीय सैनिक लढले. त्यांतले साडेपाच हजारांहून अधिक तिथेच मरण पावले.

तुमच्या गावापासून माणगाव फार लांब नाही. तिथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, एस.टी.तून जाताना पाहिला असेल. ते तिथल्याच पळसगावचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले सगळे पडले, कुणी ठार, कुणी जखमी. एकटे घाडगे पुढे धावले. बॉम्ब फेकून मशीनगन बंद पाडली, तिथल्या एकाला टॉमीगननं गोळ्या घातल्या आणि मॅगझिन बदलायला सवड नाही म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपून मारलं. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते त्याच मोर्चावर मरण पावले. वय बाविशीतलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश फौजेतलं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं.

वर्गात हे सांगताना मुलं टाळ्या वाजवायची, आणि मला ते आवडायचं. पराक्रम तो पराक्रमच. पण हे सगळं करून जे जिवंत राहिले, त्यांचा विचार टाळ्यांत बुडून जातो. बंदुकीच्या दस्त्यानं माणूस मारलेला, किंवा शेजारच्याला तसं मारताना पाहिलेला माणूस पडवीत नातवाला मांडीवर घेऊन काय सांगणार? "थंडी लय व्हती" हे त्यातल्या त्यात सांगण्याजोगं होतं.

पहिल्या महायुद्धात अशा माणसांना 'शेल शॉक' झाला म्हणत. आज डॉक्टर ज्याला पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनावर राहणारा आघात, म्हणतात ते नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं १९८० साली. तोवर तुमचे आजोबा घरी येऊन ३४ वर्षं झाली होती. म्हणून गाऱ्हाण्याला मी नावं ठेवणार नाही. घरच्यांच्या हाती जे होतं ते त्यांनी केलं. त्यांच्यासाठी अख्खं घर देवापुढे उभं राहिलं.

आता आजीचं. तिनं विचारलं नाही म्हणून तिला काही वाटत नव्हतं असं कृपा करून समजू नका. माझे थोरले काका ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. काकीला अक्षरओळख नव्हती. काकांचं पत्र आलं की शाळेचे मास्तर ओटीवर बसून ते मोठ्यानं वाचायचे. सासू, सासरे, दीर, शेजारची चार माणसं ऐकायला. काकी माजघराच्या दाराआड. तिकडे फौजेतला अधिकारी पत्र तपासून खाडाखोड करायचा, इकडे सगळी वाडी ऐकायची. त्यात नवरा बायकोला काय लिहिणार? "वडील मंडळींस शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. पाडसाला जपणे." उत्तरही मास्तरांच्याच हातचं. सगळी लढाई संपेपर्यंत त्या दोघांत एक शब्द खासगी झाला नाही. काकी म्हातारपणी मला म्हणाली, "ते आले तवा बोलायचं कसं तेच इसरलेलो आमी." मला वाटतं तुमच्या घरीही असंच काही झालं असावं. आजीजवळही सांगण्यासारखं खूप होतं आणि तिलाही कुणी विचारलं नाही. तिच्या वयाचं गावात कुणी उरलं असेल तर याच महिन्यात जाऊन बसा. आधी लढाईचं विचारू नका, तेव्हा घरात काय शिजत होतं ते विचारा.

प्रश्न : कोकणावर एकही बॉम्ब पडला नाही, मग "लढाईत फार हाल झाले" असं आमची पणजी का म्हणायची?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : कारण लढाई तिच्या चुलीपर्यंत आली होती. कोकणातलं भात वर्षभर पुरणारं कधीच नव्हतं. उरलेले महिने मुंबईहून बोटीनं येणाऱ्या तांदळावर निघायचे आणि त्यात रंगूनचा तांदूळ मोठा. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि तो तांदूळ बंद झाला. मुंबईत मे १९४३ पासून रेशन सुरू झालं. तेव्हाच्या बायका त्या काळाला 'कंट्रोल' म्हणत: कंट्रोलचं धान्य, कंट्रोलचं कापड. नाचणीची पेज, वरी, हरीक, कुळथाची पिठी, पावसाळ्यात साठवलेल्या फणसाच्या आठळ्या. रॉकेल मिळेना तेव्हा उंडीचं कडू तेल पुन्हा दिव्यात आलं. तांबं लढाईला लागलं म्हणून सरकारनं १९४३ पासून मधोमध भोक असलेला पैसा पाडला. तो पणजीच्या डब्यात अजून सापडेल.

लढाई लागली तेव्हा शिपायाचा मूळ पगार महिना १६ रुपये होता, पुढे १८ झाला. त्यातून घरी मनीऑर्डर यायची आणि भाव मात्र दुपटीच्याही वर गेलेले. मनीऑर्डरीवर जगणाऱ्या घरांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

आणि जे पलटणीत गेलेच नाहीत, त्यांनाही लढाईनं सोडलं नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज पेटलं. पोटात कापसाच्या गासड्या आणि शेकडो टन स्फोटकं एकत्र. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या आत दोन स्फोट झाले, शेकडो माणसं गेली, आग विझवणारे ६६ जवान गेले. दरवर्षी त्याच दिवशी अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो तो त्यांच्या आठवणीत. गोदीत आपल्याकडची माणसं किती होती ते तुम्हाला ठाऊकच आहे. लढाईला नव्हे, पोटाला म्हणून गेलेली ही माणसं. सैन्याच्या यादीत त्यांचं नाव लागत नाही, आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

हर्णैचे आहात म्हणून आणखी एक. आपल्या किनाऱ्यावरचे कितीतरी दर्यावर्दी, त्यात कोकणी मुसलमान पुष्कळ, व्यापारी जहाजांवर खलाशी होते, इंजिनखान्यात कोळसा ओढत होते. पाणबुडीनं जहाज फोडलं तर खालच्या माणसाला वर यायला वेळ मिळत नसे. समुद्राशिवाय दुसरी कबर नसलेल्या अशा सुमारे ६ हजार हिंदी खलाशांच्या नावांचं स्मृतिपुस्तक मुंबईच्या इंडियन सीमेन्स होमसाठी केलेलं आहे. घरातलं कुणी बोटीवरून परत आलं नसेल तर तिथे चौकशी करा.

प्रश्न : सासऱ्यांच्या वडिलांचा एक सहा टोकांचा पितळी तारा घरात आहे. फीत लाल, पांढरी, हिरवी. त्यावरून काही कळेल का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : बरंच कळेल. तो 'इटली स्टार'. ताऱ्यावर मधल्या राजाच्या अक्षरमुद्रेभोवती इंग्रजीत तसं लिहिलेलंही दिसेल. आता तो उलटा करून उजेडात धरा. इंग्रज सैनिकांच्या ताऱ्यांची मागची बाजू कोरी असे, पण भारतात दिलेल्या ताऱ्यांवर पुष्कळदा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. त्यातला क्रमांक सर्वांत मोलाचा. नाव इंग्रजीत कारकुनानं कानावर पडेल तसं लिहिलेलं असतं, जाधवचं जाधाव आणि घाडगेचं गाडगे होतं. क्रमांक सहसा चुकत नाही.

ते मराठा पलटणीत असतील तर क्रमांकासह बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयाला लिहा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जा, डिस्चार्जचा कागद असेल तर सोबत न्या. सासऱ्यांचे वडील तिकडेच वारले असतील, तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधा. वडिलांचं नाव, पत्नीचं नाव आणि गावही पुष्कळ नोंदींत असतं. हिंदू सैनिकांना अग्नी दिला जायचा, म्हणून कबर सापडली नाही तर दहनस्मारकांच्या आणि कॅसिनोच्या स्मारकाच्या यादीत पाहा.

तारा काळा पडला असला तरी चिंचेनं किंवा पावडरीनं घासू नका, मागची अक्षरं झिजतील. क्रमांक आजच वहीत उतरवून ठेवा.