‘कथानक’ एकटे पुरेल का?

व्हिक्टोरियन काळातील दीर्घ इंग्रजी कवितांवर लिहिताना ‘नॅरेटिव्ह’ (गोष्टीचे सांगणे) आणि ‘प्लॉट’ (गोष्टीतील घटनांची मांडणी) या दोन्ही संज्ञांसाठी ‘कथानक’ हा एकच शब्द चालेल का, असा प्रश्न आहे. माझ्या मते चालणार नाही, आणि या कवितांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

रॉबर्ट ब्राउनिंग यांचे १८६८-६९ साली प्रसिद्ध झालेले ‘द रिंग अँड द बुक’ हे बारा सर्गांचे काव्य घ्यावे. ग्वीदो या सरदाराने १६९८ मध्ये रोम येथे आपली तरुण पत्नी पोम्पिलिया आणि तिला वाढवणारे आईवडील यांचा खून केला व त्याबद्दल त्याला देहदंड झाला, हे त्याचे कथानक कवी पहिल्याच सर्गात सांगून टाकतो. पुढील दहा सर्गांत तीच हकिकत बघे, वकील, पोप, मरणशय्येवरची पोम्पिलिया अशी नऊ माणसे आपापल्या तोंडाने सांगतात. ग्वीदो तर दोनदा बोलतो, एकदा न्यायाधीशांपुढे आणि एकदा मृत्यूच्या दारात. कथानक तसूभरही बदलत नाही, बदलते ते निवेदन, आणि काव्याचा सारा जीव त्या बदलात आहे. येथे दोन्हींना ‘कथानक’ म्हटले, तर सांगण्यासारखे काही उरतच नाही.

‘प्लॉट’साठी मी ‘संविधानक’ सुचवेन. ‘सं-वि-धा’ म्हणजे नीट मांडणे, रचणे. नाट्यसमीक्षेत हा शब्द रुळलेलाही आहे. टेनिसन यांच्या ‘मॉड’मध्ये (१८५५) नायकाच्या हातून मॉडचा भाऊ द्वंद्वयुद्धात मारला जातो, पण ते द्वंद्व पहिला भाग संपून दुसरा सुरू होण्याच्या मधल्या जागेत घडून जाते आणि आपल्याला ऐकू येतो तो नंतरचा पश्चात्ताप. घटना गाळण्याचा हा निर्णय संविधानकाचा आहे.

‘नॅरेटिव्ह’साठी ‘कथन’ चुकीचे नाही, आणि ‘कथनात्मक कविता’ असे विशेषण करताना तेच सोयीचे पडते. सांगण्याच्या क्रियेसाठी मात्र ‘निवेदन’ घ्यावे. जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनाची आठवण होते हे खरे, परंतु ‘निवेदक’ हा नेमका शब्द त्याच्यासोबत मिळतो. मेरेडिथ यांच्या ‘मॉडर्न लव्ह’मधील (१८६२) सोळा-सोळा ओळींच्या पन्नास कवितांत नवऱ्याविषयी कधी ‘तो’ तर कधी ‘मी’ येते. तेथे ‘निवेदक बदलतो’ एवढेच म्हटले की मराठी वाचकाला कळते.