एका किलोत किती काडतुसं?

प्रश्न : रायफलीची ५.५६ मिमीची गोळी मारण्यासाठी नाही, जखमी करण्यासाठीच बनवली, असं म्हणतात. एक पडला की त्याला उचलण्यात आणखी दोघं अडकतात. हे खरं आहे का?

हा किस्सा मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी ऐकवतंच. गोष्ट ऐकायला छान आहे, पण खरं कारण वजनाचं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अभ्यासांत दिसून आलं की, पायदळाच्या बहुतेक चकमकी ३०० मीटरच्या आतच होतात. मग ८०० मीटरला पोचणारी ताकद रोज पाठीवर कशाला वाहायची? तराजूत टाकून पाहा. एका किलोत ५.५६ ची साधारण ८० काडतुसं बसतात, एके-४७ ची ६०, आणि एसएलआर या लष्कराच्या जुन्या रायफलीची जेमतेम ४०. शिवाय धक्का कमी बसतो, त्यामुळे दुसरी गोळी झाडेपर्यंत नेम फारसा हलत नाही. आणि सेकंदाला ९०० मीटरहून जास्त वेगानं निघालेली ही गोळी जवळून लागली, तर तिला कुणी सौम्य म्हणणार नाही.

प्रश्न : एसएलआर ७.६२ आणि एके-४७ पण ७.६२. मग एकीची काडतुसं दुसरीत का चालत नाहीत?

तो आकडा नळीच्या व्यासाचा आहे. गोळीमागच्या, दारू भरलेल्या पुंगळीची लांबी वेगळी असते : एकेची ३९ मिमी, एसएलआरची ५१. एकेची गोळी सुमारे ८ ग्रॅमची, एसएलआरची साडेनऊ, आणि तिचा वेगही बराच जास्त. ताकदीत दीडपटीहून अधिक फरक पडतो.

प्रश्न : इन्सास ही ५.५६ ची देशी रायफल काढून लष्कर पुन्हा ७.६२ कडे वळलं. म्हणजे ५.५६ घेणं ही चूकच होती ना?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. इन्सासचा आराखडा पुण्याच्या एआरडीई या शस्त्र-संशोधन संस्थेचा. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत तिची प्लॅस्टिकची मॅगझिनं तडकली, रायफल अडकल्याच्याही तक्रारी आल्या. हे दोष रायफलीचे होते; काडतुसाच्या माथी मारून उपयोग नाही. याच आकाराचं काडतूस जगभरच्या फौजा आजही वापरतात.

तरीही लष्कराची अडचण खरी होती. काश्मीरच्या जंगलात, घरांच्या झडतीत समोरचा वीस पावलांवर असतो. तिथे जवानांचा भरवसा एकेवर बसला. नियंत्रण रेषेवर मात्र या कड्यावरून त्या कड्यावर नेम धरायचा असतो, आणि तिथे लांब पल्ला हवा. म्हणून दोन उत्तरं शोधली गेली. २०१९ मध्ये ७.६२ × ५१ च्या ७२,४०० सिग-७१६ रायफली मागवल्या, आणि २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ चा करार झाला. त्या अमेठीजवळ कोरव्याला बनतात आणि ७.६२ × ३९ चं काडतूस घेतात.

मला खटकतं ते वेगळंच. आता पायदळाला ५.५६ धरून तीन तऱ्हेची काडतुसं लागतात. रात्री चुकीची पेटी चौकीवर पोचली तर? कागदावर प्रत्येक रायफल आपल्या जागी योग्य दिसते, पण पुरवठा करणाऱ्या सुभेदाराला विचारा.

प्रश्न : अमेरिकेनं नव्या रायफलीसाठी ६.८ मिमीचं काडतूस निवडलं. आपणही तेच घ्यावं का?

घाई नको. २०२२ मध्ये त्यांनी हा निर्णय घेतला, तो मुख्यतः अंगावरचं चिलखत भेदण्यासाठी आणि लांब पल्ल्यासाठी. त्याची किंमत पाहा : ५.५६ ची एम-४ रायफल घेतलेला सैनिक २१० काडतुसं बाळगायचा, नव्या रायफलीसोबत १४०. मॅगझीन तीसवरून वीसवर आलं. आपल्याकडे जवान चौदा-पंधरा हजार फुटांवर चढतो, तिथे एकेक किलो फुप्फुसांना जाणवतो. शिवाय कॅलिबर बदललं की वरणगावसारख्या काडतूस कारखान्यातल्या साच्यांपासून सगळं नव्यानं उभारावं लागेल. सिग आणि एके-२०३ नीट रुळेपर्यंत चौथं काडतूस नकोच.