शंका-समाधान : शिकवणीत प्रापंचिकांचा वाटा किती?

प्रश्न : शिकवण पोप आणि बिशप ठरवतात, आपण ऐकतो. मग प्रापंचिकांची, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या आपल्यासारख्या कॅथोलिक भाविकांची, ‘भूमिका’ उरते कुठे?

उत्तर : अधिकृत शिकवण देण्याचा अधिकार पोप आणि त्यांच्याशी ऐक्यात असलेल्या बिशपांचाच आहे. पण श्रद्धेचा ठेवा साऱ्या ख्रिस्तसभेच्या (चर्चच्या) हाती आहे. बिशपांपासून शेवटच्या प्रापंचिकापर्यंत सगळे श्रद्धेच्या बाबतीत एकमताचे असतात तेव्हा ते चुकू शकत नाहीत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) १९६४ मध्ये ख्रिस्तसभेवरील दस्तऐवजात (परिच्छेद १२) सांगितले. यालाच ‘भाविकांची श्रद्धा-जाणीव’ म्हणतात.

हा कोरा मान नव्हे. मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा, म्हणजे ती आईच्या गर्भात आली तेव्हापासूनच आदिपापापासून मुक्त होती हा, सिद्धांत १८५४ मध्ये जाहीर झाला. त्याआधी १८४९ मध्ये पोप नववे पायस यांनी जगभरच्या बिशपांना पत्र लिहून त्यांच्या लोकांची याबाबतची भक्ती कशी आहे, हे विचारून घेतले होते. मरियेला देहासह स्वर्गात घेतले गेले, हा १९५० चा सिद्धांत. त्याआधी १९४६ मध्ये बारावे पायस यांनीही अशीच विचारणा केली. घरोघरी रोझरी (मरियेची जपमाळ) म्हणणाऱ्यांची श्रद्धा तेव्हा साक्ष म्हणून धरली गेली, ही फार मोठी गोष्ट आहे.

गफलत होते ती एकमत आणि बहुमत यांत. चौथ्या शतकात ख्रिस्त पित्यासारखा पूर्ण देव नाही, या एरियस नावाच्या धर्मगुरूच्या मतामुळे कितीतरी बिशप डळमळले, तेव्हा ख्रिस्ताच्या देवत्वावरचा विश्वास सामान्य भाविकांनी धरून ठेवला. इंग्लंडमधील कॅथोलिक विचारवंत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८५९ मध्ये याकडे लक्ष वेधले. त्या भाविकांनी मतदान घेतले नव्हते. बाप्तिस्म्याच्या वेळी जे कबूल केले, ते त्यांनी सोडले नाही, इतकेच. म्हणून केवळ जनमत चाचणीला ‘भाविकांची श्रद्धा-जाणीव’ म्हणता येत नाही. प्रार्थना, संस्कार, शास्त्रवचन आणि ख्रिस्तसभेचे ऐकणे यांतून ती जाणीव घडते.

प्रश्न : प्रवचनातली एखादी गोष्ट शिकवणीला धरून वाटली नाही तर बोलावे का?

उत्तर : जरूर बोलावे. आपले ज्ञान आणि पात्रता यांनुसार धर्मगुरूंना मत कळवणे हा हक्क आहे, प्रसंगी कर्तव्यही (कॅनन लॉ म्हणजे ख्रिस्तसभेचा कायदा, कलम २१२). ऐकलेले वाक्य, तारीख आणि मिस्साची (चर्चमधील मुख्य उपासनेची) वेळ त्याच दिवशी लिहून ठेवा. ‘कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथा’तला संबंधित परिच्छेद काढून पाहा, निम्म्या शंका तिथेच फिटतात. मग धर्मगुरूंना एकट्याने भेटा. समाधान झाले नाही तर सहीनिशी पत्र द्या, त्यानंतर बिशपांकडे जा. आधी व्हॉट्सॲपवर टाकले की माणूस दुखावतो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. व्यक्तीचा मान राखण्याची अटही याच कलमात आहे.

प्रश्न : प्रापंचिक मिस्सात प्रवचन देऊ शकतो का?

उत्तर : नाही. शुभवर्तमानाच्या वाचनानंतरचे प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीचे दीक्षित सेवक) यांच्यासाठीच राखलेले आहे (कलम ७६७). प्रापंचिकाचे मनोगत शक्यतो मिस्साबाहेर ठेवावे. गंभीर कारण असेल तरच ते कम्युनियननंतरच्या (पवित्र भाकर घेतल्यानंतरच्या) प्रार्थनेनंतर घेता येते. धर्मशिक्षकाचे काम मात्र पूर्ण खुले आहे. १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी स्त्री-पुरुष दोघांसाठी ते रीतसर सेवापद केले. ईशज्ञानाची (ख्रिस्ती धर्मशास्त्राची) पदवी घेऊन योग्य धर्माधिकाऱ्यांच्या आज्ञेने ते शास्त्र शिकवण्याची वाटही प्रापंचिकांना कलम २२९ ने मोकळी केली आहे.